वाचक विचारतात : बर्फ घातला आणि प्लेटलेट गेल्या

मागच्या अंकात रक्त कुणी द्यावं, कुणी देऊ नये यावर लिहिलं होतं. त्यावर जे मेसेज आणि पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच ठिकाणी अडलेली, की दिलं ते ठीक, पण पुढं त्याचं झालं काय? आणि बऱ्याच जणांच्या लिहिण्यात थोडा राग पण आहे, आम्ही हात पुढं केला आणि हे लोक म्हणतात वापरता आलं नाही. मी मिरजेत रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून 27 वर्षं काढली, त्यातले कितीतरी रविवार कुठल्या ना कुठल्या मांडवात नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात गेले, त्यामुळं हा राग मी समोरासमोर पण ऐकलाय. तर या वेळी सगळी जागा त्यालाच.

मॅडम, आमच्या मंडळानं गणपतीत शिबिर घेतलं, 112 पिशव्या झाल्या. सकाळी नऊला उद्घाटन, संध्याकाळी सातपर्यंत रांग, गाडी रात्री नऊला निघाली, तोवर आम्ही सगळे थांबून होतो. नंतर ओळखीच्या पोराकडून कळलं की निम्म्या पिशव्यांच्या प्लेटलेट काढल्याच नाहीत, नुसत्या लाल पेशी काढल्या. डेंग्यूचा सीझन, रोज ग्रुपवर प्लेटलेट पाहिजे म्हणून मेसेज, आणि आमच्या पोरांचं रक्त असं वाया? मग शिबिर घ्यायचं कशाला?
(तासगाव तालुक्यातला एक मंडळ कार्यकर्ता)

वाया नाही गेलं हो, आधी तेवढं मनातून काढा. लाल पेशी निघाल्या म्हणजे कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या ऑपरेशनला, थॅलेसेमियाच्या एखाद्या पोराला त्या लागतातच. पण प्लेटलेट गेल्या हे खरं, आणि का गेल्या त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पहिली पिशवी साडेनऊला भरली असं धरा, गाडी नऊला सुटली, मिरजेत पोचून उतरवाउतरव होईपर्यंत दहा. म्हणजे साडेबारा तास. प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा, फार तर आठ तासांच्या आत ती पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये, फिरवून वेगळी करायची असते आणि तोवर ती 20 ते 24 डिग्रीला ठेवायची असते. मग सकाळच्या सत्रातली सगळी पोरं त्या हिशेबातून बाहेर पडली, दुपारनंतरची वाचली, तुमचं ते 'निम्म्या' तिथून आलं. पेढीतल्या लोकांनी मुद्दाम केलं असं काही नाही.

हे असं का, तर अख्खं रक्त म्हणजे एका घरातले तीन भाऊ समजा, आणि तिघांना तीन हवा मानवतात. लाल पेशींना फ्रीज लागतो, 2 ते 6 डिग्री, तिथं त्या पिशवीतल्या औषधाप्रमाणे 35 नाहीतर 42 दिवस राहतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, डीप फ्रीझरमध्ये गोठवून उणे 30 च्या खाली ठेवला तर वर्षभर टिकतो, पण गोठवायचा लवकर, तो पण त्याच सहा-आठ तासांच्या आत, कारण त्यातलं फॅक्टर आठ म्हणून रक्त गोठवणारं जे प्रोटीन असतं ते फार नाजूक, नुसतं पडून पडून कमी होत जातं. आणि प्लेटलेट म्हणजे घरातलं शेंडेफळ. त्यांना एसीची खोली पाहिजे, 20 ते 24, वर चोवीस तास हलता पाळणा पाहिजे, आणि एवढे लाड करून पाचच दिवस. आता हे तिघं वेगळे होईपर्यंत एकाच पिशवीत असतात, मग कुणाच्या सोयीनं ठेवायचं? प्लेटलेट काढायच्या असतील तर त्यांच्या सोयीनं. थंड डब्यात घातलं की त्या संपल्या.

संपल्या म्हणजे काय ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं थंड म्हणजे ताजं, दुधासारखं. प्लेटलेट चांगल्या असतात तेव्हा चपट्या असतात, छोट्या थाळीसारख्या. 20 च्या खाली थंडी लागली की त्या आक्रसून गोल होतात, अंगावर काटे फुटल्यासारख्या दिसतात, आणि एकदा तसं झालं की पुन्हा गरम केलं म्हणून मूळ रूपात येत नाहीत. अशा प्लेटलेट पेशंटला दिल्या तर त्याचं लिव्हर त्यांना परके समजून भराभर काढून टाकतं, म्हणजे रिपोर्टवरचा आकडा आज वाढतो आणि उद्या होता तिथं. परदेशात रक्तस्राव थांबवायला थंड ठेवलेल्या प्लेटलेट पण वापरतात, पण ते वेगळं प्रकरण, डेंग्यूच्या वॉर्डात त्याचा उपयोग नाही.

एक प्रसंग सांगते, गावाचं नाव नको. आटपाडीच्या बाजूला, एप्रिल महिना, बाहेर चाळीसच्या आसपास आणि मांडवाला वरनं पत्रा. आमच्याकडं दोन डबे होते, आत खास थंड करून आणलेले जेल पॅक, ते पॅक असे तयार केलेले असतात की डबा विशीत राहील, त्याच्या खाली जाणार नाही. मी जेवायला गेले. परत येते तर एका कार्यकर्त्यानं, बिचारा मनानं चांगलाच हो, बघितलं की एवढ्या उन्हात रक्त ठेवलंय आणि आत बर्फ पण नाही, तर त्यानं शेजारच्या सरबताच्या टेबलावरून अर्धी लादी फोडून आणून डब्यात पिशव्यांवर ओतली होती. वर मला म्हणतो, मॅडम तुम्ही विसरला होता, मी केलं. काय बोलणार. पाण्यात तरंगत होत्या पिशव्या, काहींवरचे नंबर भिजून फुगलेले, 23 पिशव्या होत्या त्यात. प्लेटलेट सगळ्यांच्या गेल्या. लाल पेशी वाचल्या, कारण साध्या वितळत्या बर्फानं रक्ताचा बर्फ होत नाही, पण तोच बर्फ डीप फ्रीझरमधला कोरडा खणखणीत असता आणि पिशवीला चिकटून राहिला असता तर तिथल्या रक्ताचा बर्फ होऊन लाल पेशी फुटल्या असत्या, मग अख्खी पिशवी कचऱ्यात. तेव्हापासून मी डब्याच्या झाकणावर 'उघडू नये' असं मराठीत लिहून चिकटवायला लागले, आधी ते इंग्रजीत होतं.

आता तुमच्या 112 बद्दल थोडं टोचून बोलते, राग मानू नका. शंभरी गाठायची म्हणून रांग सातपर्यंत ओढायची आणि गाडी शेवटच्या पिशवीसाठी थांबवायची, यात बॅनरचं भलं होतं, प्लेटलेटचं नाही. माझ्या मते चांगल्या हॉलमधल्या 60 पिशव्या मांडवातल्या 112 पेक्षा भारी. आणि 112 च करायच्या तर दुपारी एकला पहिली खेप रवाना करायला लावा, पेढीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, गाडीच्या डिझेलचं बघा. हे मी पेढीत असताना पेढीला पण सांगितलंय, दोष काही फक्त मंडळांचा नाही, एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर असला की ते पण 'एकदमच नेऊ' म्हणतात.

ताई, मी पहिल्यांदाच रक्त दिलं. सुई घातल्यावर रक्त हळूहळू येत होतं, ते हलणारं मशीन सारखं वाजत होतं, सिस्टरनी दोनदा सुई हलवली आणि शेवटी अर्ध्यावर बंद केलं. म्हणाल्या या पिशवीचा उपयोग होणार नाही. मी घरी येऊन रडले. माझ्या रक्तात काही दोष आहे का?
(विश्रामबाग, सांगलीची एक कॉलेजकन्यका)

अगं नाही, रक्तात काही दोष नाही, शीर बारीक होती नाहीतर सुई शिरेच्या भिंतीला टेकली होती एवढंच. तू त्या दिवशी पाणी किती प्यायली होतीस? परीक्षेच्या दिवसांत कॉलेजातल्या पोरी सकाळपासून एका चहावर असतात हे मी बघितलेलं आहे. सुई 16 नंबरची, चांगली जाड असते, आणि ती मुद्दाम जाड असते कारण बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं गेलं की लाल पेशी घासून फुटतात. तिला शीर पण तशी भरलेली लागते.

पण तुझ्या प्रश्नातला मुद्दा मोठा आहे, अर्धी पिशवी का चालत नाही. पिशवी रिकामी नसते. आत आधीच पाण्यासारखं औषध असतं, 350 च्या पिशवीत 49 मिली, 450 च्या पिशवीत 63. त्यात सायट्रेट असतं, आपल्या लिंबूसत्त्वाच्याच घराण्यातलं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. बाकी पेशींच्या पोटापाण्याला साखर वगैरे. आता हे माप ठरलेलं आहे, शंभर मिली रक्ताला 14 मिली. जास्त रक्त भरलं तर औषध पुरत नाही, गुठळ्या होतात. कमी भरलं तर औषध जास्त होतं, पेशी त्या आंबट पाण्यात बसतात, खारट झालेल्या आमटीत आणखी डाळ घालता येत नसेल तर जे होतं ते. थोडंसं कमी असेल तर लाल पेशी ठेवतात, वर तशी नोंद करून, प्लाझ्मा-प्लेटलेट मात्र बाजूला, आणि बरंच कमी असेल तर पिशवीच रद्द. दहा टक्के इकडंतिकडं चालतं.

दुसरी गोष्ट वेळेची. साधारण आठ-दहा मिनिटांत पिशवी भरायला पाहिजे, बऱ्याच जणांची पाच-सहा मिनिटांतच भरते. पंधरा मिनिटांच्या वर रेंगाळली तर त्या पिशवीच्या प्लेटलेट आम्ही काढत नाही. कारण रक्त सुईत नळीत थांबत थांबत येतंय म्हणजे औषधात मिसळायच्या आधीच त्याला वाटतं आपण जखमेतून बाहेर पडलो, चला गोठायला घ्या. आणि सुई आत हलवली की शिरेच्या भोवतीच्या मांसातून पण एक द्रव्य सुटतं, ते गोठण्याची सगळी साखळी सुरू करून देतं. डोळ्याला गुठळी दिसत नाही, पिशवी चांगली लाल दिसते, पण प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि प्लाझ्मातली गोठवणारी प्रोटीनं तिथंच खर्च झालेली असतात. म्हणजे पेशंटला द्यायच्या आधीच औषध वापरून झालं. म्हणून सिस्टरनी बंद केलं ते बरोबर केलं. मला विचारशील तर दुसऱ्यांदा सुई हलवायच्या आधीच करायला हवं होतं, काही जणांना सोडवत नाही.

ते वाजणारं मशीन म्हणजे पाळणा आणि वजनकाटा एकात. पिशवी सारखी डुलवत ठेवतं म्हणजे येणारं रक्त लगेच औषधात मिसळतं, वजन बघत राहतं, आणि धार कमी झाली की ओरडतं. एक मिली रक्ताचं वजन 1.05 ग्रॅम, त्यावरनं किती आलं ते त्याला कळतं, माप पूर्ण झालं की नळी आपोआप चिमटून बंद. लाइट गेली आणि बॅटरी उतरलेली असेल तर हेच सगळं हातानं, साधा काटा टांगून आणि दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला पिशवी हळू वर-खाली करत. तिथंच घोळ होतात, कारण एक माणूस चार खाटा बघत असतो आणि चौथ्या खाटेवरचा घेरी येऊन पडतो, मग बाकी तीन पिशव्या तशाच.

पुढच्या वेळी जाताना अर्धा लिटर पाणी पिऊन जा, सकाळचं खाऊन जा, हातात तो स्पंजचा बॉल देतात तो खेळणं समजू नको, खरोखर दाबत राहा. आणि दोन्ही हात दाखव, डाव्या हाताची शीर चांगली असते बऱ्याच जणींची, कुणी विचारत नाही म्हणून उजवाच देतात.

आमच्या शिबिरात दरवर्षी रक्तदात्याला आधी पोटभर मिसळ देतो, उपाशी कुणी राहू नये म्हणून. यंदा पेढीच्या डॉक्टरांनी मिसळ बंद करा म्हणून सांगितलं. मिसळीशी रक्ताचा काय संबंध? पोरं नाराज झाली.
(पलूस)

संबंध तर्रीशी आहे. सेंट्रिफ्यूजमधून पिशवी बाहेर काढली की खाली लाल थर बसलेला आणि वर प्लाझ्मा, तो गवती पिवळा पाहिजे, आपल्याकडं सांगायचं तर हळदीचा हात पाण्यात बुडवल्यावर पाणी जसं होतं तसा, आरपार दिसणारा. तेलकट-तुपकट खाऊन तीन-चार तासांत रक्त दिलेल्या माणसाचा प्लाझ्मा दुधट येतो. काही वेळा तर इतका की पिशवीमागं धरलेलं बोट दिसत नाही. तो प्लाझ्मा फेकावा लागतो. शिवाय एचआयव्ही, काविळीचे दोन प्रकार, गुप्तरोग, मलेरिया या ज्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या कराव्याच लागतात त्यातल्या काहींत तो गढूळपणा आडवा येतो, परत परत टेस्ट लावा, वेळ जातो. सगळ्यात वाईट आखाडातला शेवटचा रविवार. सकाळी अकराला शिबिर आणि आदल्या रात्री एकपर्यंत मटण, दुसऱ्या दिवशी आमच्या रॅकवर दुधाची डेअरी.

पण म्हणून उपाशी अजिबात नको, उपाशी माणूस खाटेवर पांढरा पडतो. आधी पोहे, इडली, भाकरी आणि साधी भाजी, केळं, भरपूर पाणी. मिसळ रक्त दिल्यानंतर द्या की, कोण नको म्हणतंय, दुप्पट तर्री घाला. पोरांची नाराजी पण मिटेल.

जाता जाता, प्लाझ्मा कधी हिरवट पण येतो, बहुतेक वेळा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांचा, त्यात बिघडलेलं काही नसतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी घाबरून सिनियरला हाक मारली होती.

मॅम, मी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला आहे, शिबिराला शिकायला जातो. हात स्पिरिटनं पुसल्यावर मी शीर परत एकदा बोटानं चाचपली तर सरांनी सगळ्यांसमोर झापलं. ग्लोव्हज घातले होते मी. आणि पहिलं थोडं रक्त त्या छोट्या पाऊचमध्ये का घेतात? सॅम्पलसाठीच ना?
(मिरज)

झापलं ते योग्यच, सगळ्यांसमोर झापायला नको होतं. ग्लोव्हज तुझं रक्षण करतात रे, पेशंटचं नाही, त्याच ग्लोव्हजनी तू आधी खाट सरकवली, पेन धरलं, फॉर्म उचलला. पुसल्यावर तीस सेकंद तरी वाळू द्यायचं आणि मग त्या जागेला बोट लावायचं नाही, लावलं तर पुन्हा पहिल्यापासून पुसायचं. शीर आधी चाचपायची आणि जवळचा तीळ, डाग काहीतरी खूण धरून ठेवायची, तीच पद्धत.

पाऊच सॅम्पलसाठी आहेच पण तेवढ्यासाठी नाही. कितीही पुसलं तरी कातडीच्या आतल्या थरात जंतू राहतात, आणि सुई आत जाताना कातडीचा एक बारीकसा तुकडा कापून बरोबर नेते. तो तुकडा आणि ते जंतू पहिल्या धारेबरोबर येतात. ती पहिली तीसेक मिली पाऊचकडं वळवली की मुख्य पिशवी बरीच स्वच्छ राहते. लाल पेशी फ्रीजमध्ये असतात, तिथं बहुतेक जंतूंना वाढता येत नाही. पण प्लेटलेट? बावीस डिग्री, साखर आहे, हलता पाळणा आहे, पाच दिवस. जंतूंना आणखी काय पाहिजे? म्हणून तुझं ते एक बोट पाच दिवसांनी केमो चालू असलेल्या एखाद्या पेशंटला ताप आणू शकतं.

आणखी एक, ते तू विचारलं नाहीस तरी सांगते कारण शिकाऊ पोरं तिथंच चुकतात. सुई काढल्यावर नळीत जे रक्त उरतं त्याला औषध लागलेलं नसतं, ते काही मिनिटांत नळीतच गोठतं. लगेच स्ट्रिपरनं ते पिशवीत ढकलायचं, पिशवी हलवायची, मिसळलेलं रक्त परत नळीत येऊ द्यायचं, असं दोन-तीनदा, आणि मग सीलरनं तुकडे पाडायचे. त्याच तुकड्यांतून पुढं क्रॉसमॅच करतात, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघतात. गोठलेला तुकडा निघाला की क्रॉसमॅच करणारा रात्री दोन वाजता तुझ्या नावानं बोटं मोडतो. मी मोडलेली आहेत. आणि सुई चुकली, दुसऱ्या हाताला टोचायची वेळ आली तर नवी पिशवी घ्यायची, तीच सुई परत घालायची नाही, कितीही 'पिशवी वाया जाईल' वाटलं तरी.

डोकं दुखत होतं म्हणून सकाळी डिस्प्रिन घेतली आणि दुपारी रक्त दिलं. फॉर्मवर लिहिलं नाही, नाकारतील म्हणून. काही चुकलं का?
(कवठे महांकाळ)

चुकलं थोडं. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि ती प्लेटलेटना कायमची लुळी करते, त्या प्लेटलेटचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं, तोवर ती सुधारत नाही. लिहिलं असतंत तरी एवढ्यासाठी तुम्हाला नाकारलं नसतं, फक्त पिशवीवर खूण करून लाल पेशी घेतल्या असत्या आणि प्लेटलेट काढल्या नसत्या, तीन दिवसांच्या आत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर तसं करतात. आता त्या पेढीला फोन करून तारीख आणि पिशवीचा नंबर सांगा, तुम्हाला दिलेल्या कार्डावर असतो. कुणी ओरडणार नाही. पॅरासिटामॉल घेतली असती तर हा प्रश्नच नव्हता. आणि अ‍ॅस्पिरिन कुणी हार्टसाठी रोज घेत असेल तर त्यानं रक्त द्यायलाच जाऊ नये, ते गोळीमुळं नाही, हार्टमुळं.

माझ्या भाच्याला डेंग्यू झाला, मिरजेत अ‍ॅडमिट होता. प्लेटलेटच्या चार पिशव्या मीच पेढीतून आणल्या. घरून थर्मास आणि बर्फ नेला होता, तर खिडकीतल्या माणसानं बर्फ ओतून टाकायला लावला, असंच घेऊन जा म्हणाला. वॉर्डात सिस्टरनी एकेक पिशवी उजेडाकडं धरून हलवून बघितली, एक बाजूला ठेवली आणि परत पाठवली. त्या काय बघत होत्या? आणि एक पिशवी जरा लालसर होती, ती मात्र लावली. आम्ही काही बोललो नाही, पण मनात राहिलं.
(विटा)

खिडकीतल्या माणसाचे आभार माना, वर पहिल्या उत्तरात लिहिलंय ते इथं पण. प्लेटलेटची पिशवी पिशवीतनं, रुमालात गुंडाळून, सावलीतनं, जशी आहे तशी न्यायची. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नाही आणि वॉर्डातल्या फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. नेल्यावर लगेच लावायला सांगायचं, 'डॉक्टर राउंडला आले की लावू' असं कुणी म्हणालं तर पुन्हा एकदा विनंती करा.

सिस्टर जे बघत होत्या ते मला या सगळ्या कामातलं सर्वात आवडतं. चांगल्या प्लेटलेटची पिशवी उजेडासमोर धरून हळूच गोल हलवली की आत चमक फिरते, रेशमाच्या साडीवर हात फिरवल्यावर जशी लाट उठते तशी, ढगासारखी भोवरे घेत. त्याला आम्ही स्वर्लिंग म्हणतो. चपट्या थाळ्या एकदम एका दिशेला वळतात आणि उजेड परावर्तित होतो म्हणून ते दिसतं. थंडी लागून, नाहीतर पिशवी पाळण्यावरनं काढून बराच वेळ नुसती पडून आतला आम्लपणा वाढून त्या गोल झाल्या की ही चमक जाते, पिशवी नुसती गढूळ पिवळी दिसते, कितीही हलवा. मशीन लागत नाही, रिपोर्ट लागत नाही, ट्यूबलाइट पुरते. तुमच्या सिस्टरनी ते बघितलं आणि परत पाठवली म्हणजे बाई कामाची आहे, सगळ्याच वॉर्डांत बघतात असं नाही.

लालसर पिशवीत थोड्या लाल पेशी उतरलेल्या असतात. फिरवताना वेग-वेळ जरा इकडंतिकडं झाला, नाहीतर पिशवी काढताना धक्का लागून थर ढवळला गेला, की तसं होतं. फिकट गुलाबी झाक असेल आणि गट जुळत असेल तर चालते. टोमॅटोच्या सारासारखी दिसली तर विचारा.

आणि पिशव्या लहान-मोठ्या दिसल्या असतील तर घाबरू नका, एकेका दात्याकडून 50-70 मिलीच निघते, मोठ्या माणसात एका पिशवीनं आकडा पाच-दहा हजारांनीच वाढतो, म्हणून चार लागल्या. डेंग्यूत नुसता आकडा बघून पिशव्या मागत फिरायची गरज नसते हे पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच.

जत तालुक्यात आमच्या हायस्कूलमध्ये माजी विद्यार्थी मार्चमध्ये शिबिर घेणार आहेत. मिरज आमच्यापासून दीड-दोन तास. हॉल आहे, पंखे आहेत, कूलर भाड्यानं मिळेल. मुख्याध्यापक म्हणून मी काय बघू?
(जत)

सर, तुम्ही आधी विचारलंत हेच खूप झालं, मला नेहमी नंतर विचारतात. हॉल उत्तरेकडचा असेल तर तो द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावा, मार्चमध्ये तुमच्याकडं दुपारी भिंती तापतात. कूलर ठेवा पण वाऱ्याचा झोत खाटेवरच्या माणसाकडं, सुई टोचायच्या जागेवर धूळ उडवत नको. जनरेटरची सोय करा, ते पाळण्याचं मशीन लाइटवर चालतं. डब्यांना सावलीतला कोपरा, आणि तिथं एक जबाबदार शिक्षक बसवा जो कुणाला झाकण उघडू देणार नाही. दात्यांना एकदम बोलावू नका, अर्ध्या अर्ध्या तासाला आठ-दहा अशी नावं आधीच वाटून द्या, गर्दी झाली की घाई होते आणि घाईत पिशव्या हलवायच्या राहतात. वजन 45 च्या वर असेल तर 350 मिली, 55 च्या वर असेल तर 450 घेता येतं, आणि हिमोग्लोबिन साडेबारा पाहिजे, म्हणजे कोण येऊ शकेल त्याचा अंदाज आधीच घ्या.

दोन तास रस्त्यात जाणार म्हणजे तुमच्या हातात खरे चारच तास उरतात. आठला सुरू केलंत तर बाराला पहिली गाडी सुटली पाहिजे. भाषणं त्यानंतर ठेवा. पेढीवाल्यांकडून गाडी किती वाजता निघणार ते लिहून घ्या आणि पत्रिकेत छापा, प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली छापलंत तरी चालेल.